मागच्या सीटवर बसून निवडा: डबल सीट फिरायला मोठी नेकेड बाईक

पहिली मोठी गाडी मी कानांनी निवडली. शोरूमच्या दारात स्टार्टर दाबला, चार सिलिंडरचा भरीव आवाज आला आणि माझं तिथेच ठरलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुण्याहून महाबळेश्वरला निघालो. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याजवळ आलो, तेव्हा मागून खांद्यावर थाप पडली. "अहो, जरा थांबवता का?" गाडी थांबली, पण हिला उतरता येईना. गुडघे आखडलेले, मांड्यांना मुंग्या, आणि सगळा वेळ माझं जॅकेट घट्ट धरून बसल्यामुळे बोटं दुखत होती. वाईत चहा घेतला आणि तिथूनच परत फिरलो. त्या गाडीत खोट नव्हती. ती एकट्याने चालवायची गाडी होती आणि आम्ही दोघं होतो.

शनिवार-रविवारी जोडीदाराला मागे बसवून फिरायचं म्हणून पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तुम्ही आजवर दीडशे-दोनशे सीसीची गाडी चालवली आहे आणि आता चारशे ते नऊशे सीसीच्या नेकेड बाईक बघताय, असं धरून चालतो.

पायरी १: नेकेड म्हणजे काय घेतोय, ते समजून घ्या

नेकेड म्हणजे जिच्या इंजिनावर आणि पुढच्या बाजूला प्लॅस्टिकचं मोठं आवरण नाही अशी गाडी. हँडल रुंद आणि बऱ्यापैकी उंच, त्यामुळे पाठ जवळजवळ सरळ राहते. मनगटांवर भार येत नाही, गर्दीत गाडी सहज वळते, घाटातल्या वळणावर रुंद हँडलामुळे जोर कमी लागतो. आडवी झालीच तर महागडं फेअरिंग (तेच प्लॅस्टिकचं आवरण) फुटत नाही, हा फायदाही लहान नाही.

उणीव एकच, पण मोठी: वारा. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीच्या वेगाला जेवढा वारा छातीवर येतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट एकशे दहाला येतो. तुम्ही टाकीला गुडघे आवळून तो सोसता. मागच्याचं डोकं मात्र तुमच्या डोक्यापेक्षा उंच असतं, कारण बहुतेक नेकेड गाड्यांची मागची सीट पुढच्या सीटपेक्षा चढी असते. वारा थेट तिच्या हेल्मेटवर आदळतो. संध्याकाळी मान धरते ती तिची. ज्यांना दर आठवड्याला हायवेवर शंभरच्या वर तासन्‌तास जायचं आहे, त्यांनी नेकेड सोडून टूरर किंवा ॲडव्हेंचर प्रकारच्या गाड्या बघाव्यात. हे आत्ताच ठरवलेलं बरं.

पायरी २: रस्ते लिहून काढा

एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात दोघं मिळून खरोखर कुठे गेलात, ते लिहा. जायची इच्छा आहे त्या जागा वेगळ्या कागदावर. लडाख दुसऱ्या कागदावरच राहू द्या.

पुण्या-मुंबईकडच्या बहुतेकांच्या पहिल्या कागदावर साधारण हेच निघेल: जुन्या हायवेने लोणावळा, पसरणीचा घाट चढून पाचगणी, ताम्हिणीतून माणगाव आणि पुढे समुद्र, माळशेज, कधी कोल्हापूर-पन्हाळा, वर्षातून एकदा आंबा घाटाने किंवा आंबोलीने कोकण नाहीतर गोवा. हे रस्ते बरेचसे दोन पदरी, वळणांचे, मध्ये गावं आणि गतिरोधक असलेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर मोटारसायकलला बंदी आहे. म्हणजे राज्यातले सगळ्यात वेगवान रस्ते आपल्यासाठी नाहीतच. तुमचं खरं चालवणं चाळीस ते नव्वदच्या मध्ये होणार आहे.

इंजिनाकडे बघायचं ते या नजरेने.

पायरी ३: पॉवर बघू नका, टॉर्क कुठे मिळतो ते बघा

जाहिरातीत पॉवरचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. डबल सीट घाट चढताना उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि तोही इंजिन कमी फिरत असताना मिळणारा. दोन माणसं, पाठीवर सामान, समोर एसटी, वळण चढाचं. अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल थोडा दिला की गाडी कुरकुर न करता उचलली पाहिजे. त्यासाठी दर वेळी गिअर खाली टाकून इंजिन किंचाळवावं लागत असेल, तर मागच्या माणसाला प्रत्येक ओव्हरटेकला धक्का बसतो.

रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० बघा. पॉवर फक्त ४७ पीएस (अश्वशक्तीचं माप), पण ५२ न्यूटन-मीटर टॉर्क पाच हजारांच्या थोडं पुढे, ५,१५०-५,२५० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास मिळतो. होंडाची सीबी६५०आर पॉवरमध्ये तिच्या दुप्पट, ९५ पीएसच्या घरात, आणि टॉर्कही जास्त, ६३ न्यूटन-मीटर. पण तो पूर्ण मिळायला इंजिन साडेनऊ हजारांपर्यंत फिरवावं लागतं. दोन्ही गाड्या उत्तम आहेत. स्वभाव मात्र वेगळे. होंडाचं चार सिलिंडरचं इंजिन मलईसारखं गुळगुळीत, हायवेला सुखद. इंटरसेप्टरचं दोन सिलिंडरचं खालीच दम देतं. तीन सिलिंडरचं या दोघांच्या मध्ये बसतं, आणि डबल सीट फिरणाऱ्यांसाठी मला तोच मध्य सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ट्रायम्फची तीन सिलिंडरची ट्रायडंट ६६० भारतात २०२१ मध्ये आली. तेव्हाच्या मॉडेलला ८१ पीएस, ६४ न्यूटन-मीटर टॉर्क होता, आणि त्यातला बराचसा टॉर्क खालपासूनच हाताशी असतो. कावासाकीची झेड६५० दोन सिलिंडरची: ६८ पीएस आणि तेवढाच ६४ न्यूटन-मीटर टॉर्क. होंडाची ७५५ सीसीची सीबी७५० हॉर्नेट ९२ पीएस आणि ७५ न्यूटन-मीटरची. कावासाकीच्याच झेड९०० मध्ये ९४८ सीसी, सव्वाशेच्या आसपास पीएस. डबल सीट पसरणी चढताना त्यातल्या अर्ध्या ताकदीलाही हात लागत नाही.

आकडे मॉडेलच्या वर्षाप्रमाणे थोडे बदलतात. ज्या वर्षाची गाडी घेताय, त्याच वर्षाचं माहितीपत्रक वाचा.

आणि चारशे सीसीचं काय? ट्रायम्फची स्पीड ४०० ४० पीएसची, केटीएमची ३९० ड्यूक ४६ पीएसची. दोघांचं मिळून वजन सव्वाशे किलोच्या आत असेल आणि पल्ला दिवसाला दोनशे किलोमीटरचा असेल, तर स्पीड ४०० पुरते. मोठी गाडी घ्यायचीच असा हट्ट धरू नका. मात्र सामानासकट दीडशे किलोच्या पुढे गेलात की एक सिलिंडरची थरथर आणि चढावरची ओढाताण जाणवू लागते.

पायरी ४: आता मागच्या सीटवर बसा

या पायरीला इतर सगळ्या पायऱ्यांएवढा वेळ द्या. शोरूमला जोडीदाराला घेऊन जा, आणि फिरायला जाताना जे घालणार तेच घालून जा: जॅकेट, बूट, हेल्मेट. तुम्ही स्वतःही मागे बसून बघा. विक्रेत्याला गाडी सरळ धरायला सांगा, नाहीतर तुम्ही पुढे बसून दोन्ही पाय टेकवा आणि जोडीदाराला मागे पंचवीस मिनिटं बसवा. पाच मिनिटांत कुठलीही सीट बरीच वाटते. खरं काय ते विसाव्या मिनिटाला कळतं. सीट नुसती मऊ आहे म्हणून फसू नका. मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि खालची पाटी लागायला लागते.

बसल्यावर बघायच्या गोष्टी या.

गुडघा किती दुमडतो? मागचा फूटरेस्ट आणि मागची सीट यांतलं अंतर कमी असलं की गुडघे कंबरेच्या वर येतात. वळणात गाडी झुकल्यावर फूटरेस्ट घासू नये म्हणून स्पोर्टी नेकेडवर तो मुद्दाम उंच ठेवतात. चालवणाऱ्याला त्याचा फायदा, मागच्याला शिक्षा. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा कमी होत असेल, तर एका तासाच्या वर ती गाडी जोडीदाराच्या कामाची नाही.

सीट सपाट आहे की पुढे उतरती? उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस घसरून तुमच्या पाठीवर येतो, हेल्मेटला हेल्मेट आपटतं. रुंदीही हाताने चाचपा. काही गाड्यांची मागची सीट तळहाताएवढी असते. झेड९०० आणि ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल या चालवायला अप्रतिम गाड्या आहेत, पण त्यांची मागची जागा छोट्या पल्ल्याची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इंटरसेप्टरची लांब सपाट सीट दिसायला जुन्या वळणाची, पण कोल्हापूरला पोचल्यावर मागचा माणूस हसत उतरतो.

धरायला काय आहे? हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडग्रिप, फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक तरी झाकणारं संरक्षक आवरण असायला हवं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. गाडी देखणी दिसावी म्हणून पुष्कळ जण गार्ड पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. ओढणी, पदर, जॅकेटची लोंबती पट्टी चेनमध्ये गेली की काय होतं, ते कुणीही बघायची वेळ येऊ नये. गार्ड ठेवा. सीटवर नुसता पट्टा असेल तर मजबूत ग्रॅब रेल बसवता येते का, ते गाडी बुक करण्याआधी विचारा आणि तिची किंमत हिशोबात धरा.

सायलेन्सर कुठे आहे? उजव्या पायाच्या घोट्याजवळ गरम पाइप येत असेल, तर पाय सतत चोरून बसावं लागतं. थांबलेल्या गाडीवर हे कळत नाही. टेस्ट राईडनंतर जोडीदाराला विचारा.

टेस्ट राईडही डबल सीटच हवी. काही शोरूम नाही म्हणतात. नम्रपणे पण ठामपणे सांगा की गाडी दोघांसाठी घेतोय, दोघांनी बसल्याशिवाय पैसे देणार नाही. दुपारची वेळ मागा, रस्त्यात एखादा सिग्नल, दोन-तीन गतिरोधक आणि थोडा उखडलेला रस्ता येईल असं बघा. परत आल्यावर आधी तुम्ही काही बोलू नका. तिला बोलू द्या. तुमचा उत्साह ऐकला की ती मन मोडायचं नाही म्हणून "चांगली आहे की" म्हणून जाईल.

दुसरी गाडी घेताना आम्ही हेच केलं. ही तीन शोरूममध्ये हेल्मेट घालून बसली, आणि तिसऱ्या शोरूममध्ये पाऊण तासाने म्हणाली, "हिच्यावर झोप लागेल मला." बुकिंगची पावती तिच्याच हातात दिली.

पायरी ५: उंची आणि वजन

मोठ्या गाड्या सर्वाधिक वेळा पडतात त्या उभ्या असताना. पार्किंगमध्ये, उतारावर, यू-टर्न घेताना, आणि मागचा माणूस चढताना किंवा उतरताना. भर वेगात तोल गाडी स्वतः सांभाळते. थांबल्यावर तो तुमच्या पायांवर असतो.

सीटची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते: झेड६५० ची ७९०, इंटरसेप्टरची ८०४, ट्रायडंटची ८०५, स्ट्रीट ट्रिपल आरएसची ८३६. पण सीट पुढे किती निमुळती आहे, यावरही पाय किती टेकतो ते ठरतं. म्हणून आकडा वाचून नका ठरवू, बूट घालून बसून बघा. एकट्याने बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकायला हवेत, निदान एक पाय पूर्ण सपाट. मागे माणूस बसला की सस्पेन्शन दबून सीट थोडी खाली येते, तेवढी मदत होते.

वजनात झेड६५० आणि ट्रायडंट १९० किलोच्या आसपास, झेड९०० २१० च्या पुढे, इंटरसेप्टर २१८. तुम्ही दोघं आणि सामान धरलं की साडेतीनशे किलो तोलायचे असतात. शोरूमच्या उतारावर गाडी बंद करून, सीटवर बसून पायांनी मागे ढकलून बघा. घराजवळचं पार्किंग डोळ्यांपुढे आणा. तळघरात असेल तर हा प्रश्न रोज येणार आहे.

एक हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. गाडीच्या पुस्तकात कमाल भार दिलेला असतो. रायडर, मागचा माणूस, कपडे, सामान सगळं त्यात येतं. नेकेड गाड्यांत तो पुष्कळदा १८० किलोच्या आसपास असतो. माझं वजन ८०, हिचं ६२, दोघांची हेल्मेटं-जॅकेटं-बूट मिळून १२, बॅग आणि टॉप बॉक्स सामानासकट १८. झाले १७२. दिवाळीत गावाहून परत येताना फराळाचा डबा आणि नारळ घेतले की मर्यादा ओलांडली. सामान शक्यतो टाकीवरच्या बॅगेत आणि सीटच्या दोन्ही बाजूंच्या मऊ बॅगांत ठेवा. मागच्या चाकाच्याही मागे लटकणारा जड बॉक्स पुढचं चाक हलकं करतो, आणि वळणात गाडी बाहेर जाऊ बघते.

पायरी ६: डबल सीटसाठी लागणारे तीन गुण

पहिला, मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, बदलता यायला हवं. दोघं बसल्यावर मागची बाजू दबते, पुढची उचलते, हेडलाइट समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो आणि गाडी वळायला आळशी होते. प्रीलोड वाढवला की गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येते. काही गाड्यांत हाताने फिरवायची चकती असते, बऱ्याच गाड्यांत टूलकिटमधला वाकडा पाना लागतो. डिलिव्हरीच्या दिवशी सर्व्हिसवाल्याकडून शिकून घ्या आणि डबल सीटचा कितवा खाच ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरा, टायरची हवा. मोठ्या नेकेडला बहुधा पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. पंपावरच्या मुलाला सवय असते ती लहान गाड्यांची. तुम्ही काही बोलला नाहीत तर तो आपल्या अंदाजाने तीसच्या आसपास भरून मोकळा होतो. स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी टायर थंड असतानाच बघा.

तिसरा गुण ब्रेकचा. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. मोठ्या गाडीला तो दोन्ही चाकांना असतोच. मागे वजन असलं की मागच्या चाकाची पकड वाढते, त्यामुळे एकट्याने चालवताना नावापुरता वापरलेला मागचा ब्रेक डबल सीटला खरं काम करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळुवार सुरुवात करून मग जोर. ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी सोय) असेल तर घ्या, पावसाळ्यात कामाला येतो. स्लिपर क्लच असेल तर गिअर खाली टाकताना मागच्याला कमी झटका बसतो. क्विकशिफ्टरसाठी (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) जादा पैसे मोजू नका. डबल सीटला क्लच हळूच सोडूनच गिअर बदलावे लागतात, नाहीतर पाठीवर हेल्मेटचा ठोका ठरलेला.

पायरी ७: गरमी, टाकी

एप्रिलमध्ये दुपारी चार सिलिंडरची गाडी घेऊन सिग्नलला उभं राहून बघा. पंखा सुरू झाला की गरम हवा थेट मांड्यांवर येते. शहराच्या ज्या टोकाला राहता, तिथून बाहेर पडायलाच पाऊण तास लागत असेल तर याला महत्त्व द्या.

टाकीचं साधं गणित: १५ लिटरची टाकी आणि वीसचं ॲव्हरेज म्हणजे तीनशे किलोमीटर. त्यातले अडीचशेच आपले धरा. तेवढ्यात मागच्या माणसाला तीनदा उतरून पाय मोकळे करावेसे वाटणारच आहेत, म्हणून टाकी मोठी नाही याची खंत करू नका.

पायरी ८: पैसे

सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. आपण ज्या गाड्यांबद्दल बोलतोय, त्या सगळ्या ४० टक्क्यांत येतात. त्यावर रस्ता कर आणि विमा. म्हणून एक्स-शोरूमचा आकडा ऐकून घरी येऊ नका, ऑन रोडचा कागद मागा, एकेक ओळ वाचा आणि त्यात नको असलेल्या ॲक्सेसरीज घुसवल्या असतील तर काढायला लावा.

त्यानंतरचा खर्च आधी धरा. दोघांची चांगली हेल्मेटं, जॅकेटं, हातमोजे, बूट. यातलं कुठलंही "पुढच्या महिन्यात बघू" या यादीत नको, मागच्या माणसाचं तर नकोच. हेल्मेटवर आयएसआय खूण हवी, दोघांच्याही. मग टायर: १८०/५५ मापाचा मागचा टायर लहान गाडीच्या टायरच्या कैक पट महाग असतो, आणि मऊ स्पोर्ट टायर लवकर झिजतो. डबल सीट फिरणाऱ्यांनी बदलताना स्पोर्ट-टूरिंग प्रकारचा टायर घ्यावा. सर्व्हिसचं अंतर विचारा. ट्रायडंटचं १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष आहे, इतरांचं कमी असू शकतं. शेवटचा आणि तुम्ही पुण्या-मुंबईबाहेर राहत असाल तर सगळ्यात मोठा प्रश्न: अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब? सांगली, लातूर, जळगावच्या माणसाला प्रत्येक सर्व्हिससाठी दिवस मोडून दुसऱ्या शहरात जावं लागणार असेल, तर कागदावर दुय्यम वाटणारी पण गावात सर्व्हिस होणारी गाडी त्याच्यासाठी जास्त चांगली.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही. मोठ्या गाड्या पुष्कळदा कमी चालवून विकल्या जातात. इंजिन थंड असताना पहिल्यांदा तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओशट थर नको. हँडलच्या टोकांवर, लिव्हरवर, फूटरेस्टवर घासल्याच्या खुणा बघा. गाडी पडली की आधी तिथेच लागतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी पाच वर्षांपेक्षा जुना टायर डबल सीटसाठी बदलाच. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, चेसिस नंबर जुळतो का, सर्व्हिसची नोंद सलग आहे का, तेही तपासा. २०१९ च्या एप्रिलआधी नोंदलेली गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे ना, ते बघा.

पायरी ९: पहिले चार आठवडे

आपल्याकडे शंभर सीसीच्या गिअरच्या गाडीचं लायसन्स हजार सीसीलाही चालतं. कायदा अडवत नाही. म्हणून शिकायची जबाबदारी आपलीच.

पहिल्या दिवशी जोडीदाराला घरी आणायलाही मागे बसवू नका. नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात, आणि तुमचा हातही नवा असतो. पहिले दोन आठवडे एकट्याने, पहाटे, ओळखीच्या रस्त्यावर. रिकाम्या मैदानात यू-टर्न आणि जोराचा ब्रेक पुन्हा पुन्हा करा. पहिली सर्व्हिस झाली की तिसऱ्या आठवड्यात त्याच मैदानात जोडीदाराला घेऊन जा, आणि चढणं-उतरणं शिका. तुम्ही दोन्ही पाय टेकलेले, पुढचा ब्रेक दाबलेला. ती "येऊ का?" विचारणार, तुम्ही "ये" म्हणणार, मगच तिने डावीकडून फूटरेस्टवर पाय ठेवायचा. उतरतानाही तसंच. न विचारता उतरल्यामुळे उभ्या गाड्या आडव्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

मागे बसणाऱ्याला एवढंच सांगा: वळण ज्या बाजूला, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघ. तेवढ्याने शरीर आपोआप गाडीबरोबर झुकतं. घाबरून उलट्या बाजूला झुकलं की गाडी वळत नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हे आधी ठरलेलं असलं की वाऱ्यात ओरडावं लागत नाही.

चौथ्या आठवड्यात साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा, दर पाऊण तासाला थांबून. पावसाळा असेल तर ताम्हिणी आणि वरंधा पुढे ढकला. वळणाच्या आतल्या बाजूला वाहून आलेली खडी, सावलीतल्या डांबरावरचं शेवाळ, ट्रकमधून सांडलेलं डिझेल, ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे, हे सगळं एकट्याने पुरेसं चालवून झाल्यावर दोघांनी बघायचं. पावसाळ्यात वरंधा घाट दरड पडल्यामुळे बंदही असतो, निघण्याआधी चौकशी करा.

घरी आल्यावर गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घेऊन चेन कोमट असतानाच पुसा आणि तेल द्या. पाचशे किलोमीटरला एकदा, पावसात भिजली तर त्याच दिवशी. चेनची ढील पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवा. दोघं बसल्यावर सस्पेन्शन दबून ती आणखी ताणली जाते, त्यामुळे घट्ट ठेवलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. प्रीलोड डबल सीटला वाढवला असेल आणि सोमवारी एकट्याने ऑफिसला जायचं असेल, तर तो त्याच संध्याकाळी परत कमी करून ठेवा.